बोट लागणाऱ्या सासूबाई, दोन केबिन आणि ‘गॅरंटी’चा सौदा

प्रश्न बडोद्याच्या दांडिया बाजारातून आलाय. थोडक्यात असा: डिसेंबरात मुंबईहून निघून गोव्याला जाऊन परत येणारी दोन रात्रींची क्रूझ, पहिलीच. माणसं पाच. नवरा-बायको, १४ वर्षांची मुलगी, ९ वर्षांचा मुलगा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्यांना साधी एसटीसुद्धा लागते. एजंट म्हणतो, दोन इंटिरियर, म्हणजे बिनखिडकीच्या, केबिन ‘गॅरंटी’त घ्या, स्वस्त पडेल, नंबर कंपनी नंतर देईल. शेजारी म्हणतात, आयुष्यात एकदा जाताय तर बाल्कनीच घ्या. ऐकायचं कोणाचं?

ताई, माझं मत आधीच सांगतो, कारणं मग वाचा. दोघांचंही ऐकू नका. तुमच्या घरासाठी गॅरंटी चुकीची आहे आणि बाल्कनी अनावश्यक. एक खिडकीची आणि एक इंटिरियर अशा दोन केबिन नंबर ठरवून घ्या. जागा जहाजाच्या मधल्या भागात, खालच्या मजल्यावर, लिफ्टपासून जवळ. आणि दोन्ही दारं समोरासमोर, जमलंच नाही तर शेजारीशेजारी.

तुम्ही विचारलंत वर्गाबद्दल, पण तुमची अडचण आहे जागेची. खिडकी, बाल्कनी, स्वीट हा हौसेचा आणि खिशाचा मामला. सासूबाईंचं पोट, त्यांचे गुडघे आणि सगळ्यांची झोप हे मात्र केबिन कुठे आहे यावर ठरतं. गॅरंटीत नेमका हाच हक्क तुम्ही सोडून देता.

रेल्वेचं उदाहरण घ्या. फर्स्ट एसीचं तिकीट कन्फर्म असतं, पण कूपे मिळणार की चार बर्थची केबिन, हे चार्ट लागेपर्यंत कळत नाही. गॅरंटी म्हणजे तेच. घेतलेल्या वर्गापेक्षा खालचं मिळणार नाही, नशीब असेल तर वरचं मिळेल. पण मजला कोणता, बाजू कोणती, पुढे की मागे, यातलं काहीच तुमच्या हातात नाही. नंबर कधी आठवडाभर आधी येतो, कधी थेट चेक-इनच्या काउंटरवर. हे स्वस्त का, तर नकाशा बघून घेणाऱ्यांनी चांगल्या जागा उचलल्यावर जे उरतं, ते यात भरलं जातं. अगदी पुढच्या टोकाची, डान्स फ्लोअरच्या वरची, खिडकीसमोर लाइफबोट लटकलेली, अशा केबिन लोक निवडत नाहीत. त्या रिकाम्या तर जाणार नसतात! यात फसवाफसवी काही नाही. सवलत मिळते ती त्याचीच.

तुमच्या बाबतीत मोठा धोका वेगळाच आहे. दोन गॅरंटी केबिन म्हणजे कंपनीच्या लेखी दोन वेगळी बुकिंगं. त्या जवळजवळ मिळतील असं बंधन कोणावर नसतं. एक तिसऱ्या मजल्यावर पुढे आणि दुसरी आठव्यावर मागे, हेही होऊ शकतं. मग रात्री सासूबाईंना काही झालं तर तुम्ही लिफ्टची वाट बघत उभ्या. नवीन लग्न झालेलं जोडपं किंवा कॉलेजचे चार मित्र असते, तर मीच म्हटलं असतं, गॅरंटी घ्या आणि वाचलेले पैसे खा-प्यायला ठेवा. एकच केबिन, गाढ झोप, धडधाकट पाय, एवढं असेल तर गॅरंटीसारखा सौदा नाही.

किमतीतला फरक महाग वाटला तर असा भागून बघा. समजा, नंबर निवडून घेताना दोन्ही केबिनचे मिळून ६,००० रुपये जास्त पडतायत. दोन रात्री, पाच माणसं. माणशी रात्रीला ६०० रुपये. आकडा तुमच्या कोटेशनमधला घाला आणि मग ठरवा. कोटेशनमध्ये एक गोष्ट नक्की तपासा: भाव ‘एका केबिनमध्ये दोघे’ या हिशेबाने माणशी लिहिलेला असतो, आणि पोर्ट चार्ज, सर्व्हिस चार्ज, जीएसटी बहुतेक वेळा खाली बारीक अक्षरांत. तुलना शेवटच्या आकड्याशी करा.

आता जागा. एसटीच्या मागच्या बाकावर बसलं की खड्ड्याला डोकं टपाला लागतं आणि मधल्या बाकावरचा माणूस पेंगत असतो, हे आपल्याला माहीत आहे. जहाजाचं गणित तेच. मुंबईहून २०२१ पासून अशा फेऱ्या करणारं कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस हे जहाज साधारण २११ मीटर लांब आहे. तुमचं तिकीट त्याचंच आहे असं धरतो. लाटेवर जहाज सी-सॉसारखं पुढे-मागे झुकतं. ते फक्त एक अंश झुकलं, तर मध्यापासून १०० मीटर लांब, म्हणजे जवळजवळ टोकाशी असलेली केबिन पावणेदोन मीटर वर किंवा खाली जाते. मध्यापासून १० मीटरवरची केबिन जेमतेम १७ सेंटीमीटर हलते. जहाज तेच, लाट तीच, आणि फरक दहापट.

दुसरी हालचाल डाव्या-उजव्या बाजूला डोलण्याची. इथे उंची नडते. दोन अंशांच्या डोलण्यात, ज्या रेषेभोवती जहाज डोलतं तिच्यापासून २० मीटर उंचावरची केबिन ७० सेंटीमीटर बाजूला सरकते, ५ मीटरवरची १७. बहुतेक प्रवासी जहाजांना पाण्याखाली माशाच्या परांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते हे डोलणं बरंच कमी करतात. पुढे-मागे झुकण्यावर मात्र त्यांचा इलाज चालत नाही. म्हणून दोन्हींतलं एकच जमत असेल तर मजला एखादा वर गेलेला चालेल, पण मधला भाग सोडू नका. वरच्या मजल्यावरची, अगदी पुढची, मोठ्ठ्या खिडकीची केबिन फोटोत सगळ्यांत सुंदर दिसते आणि बोट लागणाऱ्यासाठी जहाजावरची सगळ्यांत वाईट तीच.

हे सगळं समुद्रावर अवलंबून, हे कबूल. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो. डिसेंबरात तो सहसा शांत असतो. कदाचित सासूबाईंना जहाज हलतंय हे कळणारही नाही. पण ज्यांना एसटी लागते त्यांच्यासाठी ‘कदाचित’वर सोडू नये. गोळी न्यायची तर घरच्या डॉक्टरांना आधी विचारा. अ‍ॅव्होमिनसारख्या गोळीने झोप येते, आणि काचबिंदू असेल किंवा रात्री उठताना तोल जात असेल तर ती सरसकट देण्यासारखी नाही. शिवाय ती मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही, आधी घ्यावी लागते.

खाली घ्या म्हटलं की लोक खालची पुढची केबिन घेऊन बसतात. ती घेऊ नका. पुढच्या टोकाशी पाण्याखाली बो थ्रस्टर असतात, जहाज धक्क्याला लावताना ते आडवं सरकवायला वापरतात. गोव्यात मुरगावला पहाटे जहाज लागताना पुढच्या खालच्या केबिनमध्ये पाच-दहा मिनिटं काँक्रीट मिक्सर चालल्यासारखा आवाज येतो. जिथे नांगर टाकतात तिथे साखळीचा खडखडाट वेगळा. मागच्या खालच्या केबिनांना इंजिनाची आणि जहाज ढकलणाऱ्या प्रोपेलरची थरथर; काहींना तिने अंगाई गायल्यासारखं वाटतं, काहींना रात्रभर डोळा लागत नाही.

आवाजासाठी जहाजाचा नकाशा, म्हणजे डेक प्लॅन, काढून बघायलाच हवा. एजंटकडून नुसतं कंपनीचं नाव घेऊ नका, जहाजाचं नाव आणि चालू वर्षाचा डेक प्लॅन मागा. दुरुस्तीनंतर हॉलांच्या जागा बदलतात. मग आपल्या केबिनवर बोट ठेवून नेमकं त्याच जागी वरच्या आणि खालच्या मजल्याचं पान बघा. दोन्हीकडे केबिनच असतील तर डोळे मिटून घ्या. वर स्विमिंग पूल असेल तर सकाळी सहाला खुर्च्या ओढल्याचे आवाज येतात. वर बुफेचं स्वयंपाकघर असेल तर ट्रॉल्या. खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर रात्री उशिरापर्यंत बासचा ठोका पलंगातून जाणवतो, कानात बोळे घालूनही. नकाशात कधी कधी काहीच न लिहिलेले पांढरे चौकोन दिसतात. ते रिकामे नसतात. तिथे कर्मचाऱ्यांची पँट्री, यंत्रं किंवा कपड्यांची ने-आण असते. त्याला खेटलेली केबिन टाळा.

लिफ्टजवळच्या केबिनांबद्दल सगळीकडे वाचाल की गोंगाट असतो, घेऊ नका. तरुणांसाठी ते खरं आहे. तुमच्यासाठी उलटा हिशेब. एका केबिनची रुंदी साधारण ८-९ फूट, म्हणजे दहा दारं चाललं की ८०-९० फूट झाले. बहुतेक जहाजांवर थिएटर पुढे आणि जेवणाचा मोठा हॉल मागे असतो. टोकाच्या केबिनमधून जेवायला जायचं तर एका वेळी चार-पाचशे फूट, तेही गालिच्यावरून, गर्दीतून. दिवसातून तीन जेवणं धरा. मध्ये राहिलं की दोन्हीकडचं अंतर निम्मं होतं. लिफ्टच्या अगदी समोरचं दार नको. लॉबीपासून चार ते सहा दारं सोडून, गल्लीत वळल्यावरची केबिन घ्या. तेवढ्यात आवाज बराच विरतो.

नकाशा उघडलाच आहे तर नंबर वाचायला शिका. पहिला एक किंवा दोन अंक मजला सांगतात, उरलेले अंक बहुतेक जहाजांवर पुढून मागे वाढत जातात, आणि सम-विषमवरून बाजू कळते. कोणती बाजू सम, हे कंपनीगणिक बदलतं. केबिनमध्ये छोटे त्रिकोण, तारे, बाण दिसतील: तिसरा पलंग आहे, चौथा आहे, शेजारच्या केबिनला आतून दार आहे, वगैरे. खुणांचा अर्थ त्याच पानाच्या कोपऱ्यात दिलेला असतो, दुसऱ्या जहाजाचा लावू नका.

बाल्कनी का नको? एम्प्रेस १९९० मध्ये नॉर्डिक एम्प्रेस नावाने फ्रान्समध्ये बांधलं गेलं. तेव्हा प्रत्येक केबिनला बाल्कनी देण्याची पद्धत नव्हती. म्हणून तिथे बाल्कनी वरच्या वर्गांतल्या मोजक्या केबिनांनाच आहे, आणि त्या स्वस्त नाहीत. सिंगापूरहून निघणारं ३३५ मीटर लांबीचं गेंटिंग ड्रीम हे जहाज घेतलं, तर तिथे बाल्कन्या ढिगाने आहेत आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीचं पाणीही बहुधा शांत असतं. तिथे हिशेब वेगळा मांडता आला असता. दोन रात्रींच्या गोवा फेरीत बराच वेळ अंधारात जातो, दिवसा तुम्ही गोव्यात, संध्याकाळी मुलं केबिनमध्ये थांबणार नाहीत. बाल्कनीत खुर्ची टाकून बसणार कोण आणि कधी?

खिडकी मात्र एक हवी. कान म्हणतात हलतंय आणि डोळे म्हणतात स्थिर आहे, या भांडणातून मळमळ होते. क्षितिज दिसलं की ते भांडण बरंच मिटतं. इंटिरियरमध्ये ती सोय नाही, पण रुंदीत बघितलं तर ती जहाजाच्या मध्याजवळ असते आणि अंधार असा मिट्ट की झोप छान लागते. सकाळ झालेली कळतसुद्धा नाही. म्हणून एक-एक. बऱ्याच जहाजांवर गल्लीच्या एका बाजूला खिडकीच्या आणि समोर इंटिरियर केबिन असतात. समोरासमोर घेतल्या की एका खिडकीच्या पैशांत सगळं घर दिवसा समुद्र बघतं. खालच्या मजल्यांवर खिडकी गोल आणि छोटी असते, ती उघडत नाही, यावर सासूबाईंची आधीच मानसिक तयारी करा. ‘ओशन व्ह्यू’ असं लिहिलेल्या वर्गातही काही खिडक्यांसमोर लाइफबोट असते. दृश्य अडलेलं आहे का, हे नंबर सांगून विचारा.

डावी बाजू की उजवी, यावर डोकं शिणवू नका. मुंबई बंदरातून दक्षिणेला निघताना शहराचे दिवे, कुलाबा, सगळं उजव्या हाताला राहतं. बाहेर पडल्यावर अलिबागचा किनारा डावीकडे जातो आणि सूर्यास्त उजवीकडे. परतताना सगळं उलट. शिवाय निघताना सगळे वरच्या डेकवरच असतात.

पलंगांचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण गोंधळ तिथेच जास्त होतो. इंटिरियर केबिन एम्प्रेसवर सव्वाशे चौरस फुटांच्या आसपास असते, म्हणजे आपल्या जुन्या वाड्यातल्या देवघर-कोठीएवढी. खाली दोन पलंग, ते जोडून डबल करतात. तिसरा-चौथा पलंग रेल्वेच्या वरच्या बर्थसारखा भिंतीतून किंवा छतातून उघडतो आणि शिडीने चढायचं असतं. तुमची वाटणी अशी करा: खिडकीच्या केबिनमध्ये सासूबाई आणि नात, दोन वेगळे खालचे पलंग. समोर तुम्ही दोघे आणि मुलगा, वरच्या बर्थवर. नऊ वर्षांचा म्हणजे त्याची चंगळ. ‘ट्विन’ पलंग हवेत हे बुकिंगमध्ये लिहून घ्या, नाहीतर आत शिरल्यावर डबल बेड मांडलेला सापडतो. तिघांची केबिन खरोखर तीन बर्थची आहे का, हे नंबरवरून तपासा. बर्थ दिसत असूनही कंपनी कधी तिसरा माणूस नाकारते, कारण जहाजाच्या त्या भागातल्या लाइफबोटींची क्षमता भरलेली असते. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही.

प्रत्यक्ष झोपण्याची अदलाबदल तुम्ही करू शकता, रिसेप्शनवर जादा किल्ली-कार्ड मागितलं की झालं. पण निघण्याआधीच्या सुरक्षा कवायतीत ज्याच्या कार्डावर जे मस्टर स्टेशन, म्हणजे संकटात जमायची जागा, छापलंय तिथेच त्याने जायचं. म्हणून दोन्ही बुकिंगं एकमेकांना जोडून घ्या आणि दोन्ही कार्डांवर एकच स्टेशन आहे ना, ते बघा. आजी आणि नात एकीकडे, तुम्ही दुसरीकडे, असं झालं तर लगेच सांगून बदलून घ्या.

सासूबाईंसाठी अजून दोन गोष्टी. बाथरूमच्या दाराला चार-सहा इंचांचा उंबरा असतो. रात्री अंधारात पाय अडकतो तो तिथेच. बॅटरीवरचा छोटा दिवा न्या आणि उंबऱ्याजवळ चिकटवा. केबिनच्या भिंती पत्र्याच्या असल्यामुळे लोहचुंबकाचे हूकही चिकटतात; मंगळ बाजारातून पाच-सहा घेतलेत तर टॉवेल, पिशव्या, काठी सगळं टांगता येईल. इस्त्री आणि किटली नेऊ नका, तपासणीत काढून घेतात. व्हीलचेअर लागणार असेल तर आत्ताच सांगा. साध्या केबिनचं दार दोन फुटांच्या आतबाहेर असतं, न घडी केलेली खुर्ची आत जात नाही. रुंद दाराच्या केबिन थोड्याच असतात आणि लवकर संपतात. नुसते गुडघे दुखत असतील, चालता येत असेल, तर ती केबिन अडवू नका. खरी गरज असलेला प्रवासी आला तर कंपनी तुम्हाला उठवूही शकते.

अपग्रेडचा मोह शेवटी येईल. निघण्याआधी ‘थोडे पैसे भरा, वरच्या वर्गात जा’ असा निरोप येतो, कधी फुकटही हलवतात. वरचा वर्ग म्हणजे बहुधा वरचा मजला, आणि तुम्ही इतक्या खटपटीने घेतलेली खालची मधली जागा गेली. बुकिंगवर ‘विचारल्याशिवाय अपग्रेड नको’ अशी नोंद करायला सांगा.

एजंटला असा निरोप पाठवा: ‘गॅरंटी नको. मधल्या भागात, खालच्या केबिन डेकवर, लिफ्टपासून चार ते सहा दारांच्या आसपास, एक खिडकीची दोन वेगळ्या पलंगांची आणि समोरची किंवा शेजारची इंटिरियर तीन बर्थची. वर-खाली केबिन असलेली. दोन्ही नंबर पैसे भरण्याआधी कळवा. दोन्ही बुकिंगं जोडा. विचारल्याशिवाय अपग्रेड नको.’

तो म्हणेल, सगळं एकत्र मिळत नाही. तेव्हा सोडायचा क्रम असा ठेवा: आधी ‘समोरासमोर’ सोडा, शेजारी चालेल. मग एक मजला वर जा. मग खिडकी सोडा आणि दोन्ही इंटिरियर घ्या. लिफ्टपासून दारं दहा झाली तरी चालवून घ्या. मधला भागच मिळत नसेल, तर त्या फेरीचे पैसे भरू नका; पुढच्या तारखेचा नकाशा मागवा.